चालू स्थितीत मिळाला

बिघडलेलं यंत्र दुरुस्त कसं करावं हा विषय सर सव्वीस वर्षं शिकवत होते, आणि या सव्वीस वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेतलं एकही यंत्र दुरुस्त झालेलं नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा अशी शंका तंत्रनिकेतनात कुणाला आली नाही. शंका येण्यासाठी कुणीतरी प्रयोगशाळेत जायला हवं होतं, आणि तिथे जायला एक जिना चढावा लागे.

प्रयोगशाळेत बारा ऑसिलोस्कोप होते. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लहर छोट्याशा काचेवर हिरव्या रेषेने काढून दाखवणारं एक जडशीळ खोकं. तिथे सगळे त्याला सीआरओ म्हणत. बाराच्या बारा सीआरओ बंद होते. त्यांच्यावर निळ्या कापडाची आवरणं होती आणि ती दर सहामाहीला धुऊन, इस्त्री करून घातली जात. त्या बाबतीत सर फार काटेकोर होते. मग मुलं प्रयोग कसे करत, असं एखादा भोळा माणूस विचारील. सर फळ्यावर खडूने लहर काढत, मुलं ती आलेखाच्या कागदावर उतरवून घेत आणि खाली 'निरीक्षण' असं लिहीत. एका वर्षी लहर काढताना खडू मोडला आणि तिसऱ्या उंचवट्यावर एक बारीक टोक आलं. ते टोक पुढे नऊ वर्षं मुलांच्या निरीक्षणात येत राहिलं. एका चुणचुणीत मुलीने त्याचं कारण विचारलं तेव्हा सर म्हणाले, "बाह्य अडथळा." पुढच्या परीक्षेला त्यावर पाच गुणांचा प्रश्न आला.

असं सगळं सुखात चाललेलं असताना तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं आणि प्राचार्यांनी सभा बोलावली. प्राचार्य स्थापत्य शाखेचे. त्यांच्या केबिनच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत तडा गेलेला होता, त्यामुळे ते नेहमी दुसऱ्यांच्या शाखांबद्दल बोलत.

"तुमच्याकडे बारा सीआरओ आहेत. चालू किती?"

"तसे पाहिले तर सगळेच..." सर म्हणाले.

"तसे नका पाहू. चालू किती?"

"एकही नाही."

"आणि तुम्ही शिकवता काय?"

"यंत्रांतील दोष आणि त्यांचे निवारण," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या कानांवर पडायला दोन सेकंद लागले. मागच्या रांगेत लेथ शिकवणारे कार्यशाळेचे निदेशक चहा पीत होते. तो त्यांच्या नाकातून आला.

त्या हसण्याने घात केला. नाही तर सर गप्प राहण्यात पटाईत होते. गप्प राहूनच त्यांनी दोन पदोन्नती मिळवल्या होत्या. पण चहा नाकातून आलेला माणूस समोर पाहून त्यांचं डोकं फिरलं आणि ते उभे राहून म्हणाले, "आठ दिवसांत एक सीआरओ चालू करून समितीसमोर ठेवतो. स्वतःच्या हाताने. घरी नेऊन!"

घरी कशाला, असं कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. प्रयोगशाळेतलं सोल्डरिंगचं सामान एका कपाटात होतं, कपाटाची चावी जुन्या सहायकाकडे होती, आणि तो सहायक सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन परगावी मुलाकडे राहायला गेला होता.

पण यंत्र संस्थेच्या दाराबाहेर न्यायचं म्हणजे भांडारपालांची चिठ्ठी हवी. भांडारपाल हा गृहस्थ वस्तूंवर नव्हे, तर नोंदींवर प्रेम करणारा. त्याने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "यंत्र चालू आहे की बंद?"

"बंद आहे म्हणून तर दुरुस्तीला नेतोय."

"बंद वस्तू बाहेर जात नाही. बंद वस्तू भंगाराच्या यादीत जाते. बाहेर नेण्याची चिठ्ठी फक्त चालू वस्तूला मिळते."

"अहो, चालू वस्तू मी दुरुस्तीला कशाला नेईन?"

"ते तुम्ही बघा, सर. माझ्याकडे नमुना एकच आहे." आणि त्याने छापील कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'वरील यंत्र मला चालू स्थितीत मिळाले असून चालू स्थितीत परत करण्याची जबाबदारी माझी राहील.'

सरांनी सही केली. सही करताना शाईसुद्धा नीट उतरेना, पण त्यांनी गिरवून गिरवून केली. म्हणजे आता परिस्थिती अशी झाली की चौदा वर्षं बंद असलेला तो सीआरओ कागदोपत्री ठणठणीत होता, आणि आठ दिवसांनी तो बंदच परत आला असता तर तो सरांनी मोडला असं सिद्ध झालं असतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. सेवापुस्तकात शेरा पडला असता तो पडला असताच. पण सरांना खरी धास्ती वेगळी होती. त्या शेऱ्यामुळे चारचौघांत कळलं असतं की या माणसाला काही येत नाही. ते सरांना स्वतःला बरीच वर्षं ठाऊक होतं, पण स्वतःला ठाऊक असण्यात फारसा त्रास नसतो.

घरी जेवणाच्या टेबलावर सीआरओ विराजमान झाला.

"अहो, हे काय आणलंत?" बायको म्हणाली.

"संस्थेचं काम आहे. महत्त्वाचं."

"आणि जेवायचं कुठे?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे," सर म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की ती थेट ताटं ओट्यावर घेऊन गेली. पुढचे आठ दिवस त्या घरात माणसं उभ्याने जेवली.

सरांनी आपली वही काढली. 'दोष-शोधाच्या अकरा पायऱ्या' ही त्यांची स्वतःची रचना होती. तीवर पिढ्या पास झाल्या होत्या. पायरी पहिली, यंत्राचे बाह्य निरीक्षण करावे. सरांनी केलं. खोकं करड्या रंगाचं होतं. पायरी दुसरी, आवरण उघडावे. आवरणाला अठरा स्क्रू होते आणि ते उघडेपर्यंत दुपार झाली. आत हे एवढं तारांचं जंजाळ! वहीतल्या आकृतीत विद्युतपुरवठ्याचा भाग चार सुबक चौकोनांत असे: एकात वीज आत आली, दुसऱ्यात सपाट झाली, तिसऱ्यात शांत झाली आणि चौथ्यातून बारा व्होल्ट बाहेर पडले. इथे चौकोन कुठेच दिसेनात. अखेर वास घेत घेत सरांना एक फुगलेला कपॅसिटर सापडला. वीज साठवून ती एकसारखी सोडणारी ती डबी डोक्यावर टम्म फुगली होती आणि बुडाशी तपकिरी चिकटा सुटला होता. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोला बोलावून ती दाखवली.

"खराब झालंय वाटतं," ती म्हणाली.

"ते पाहताक्षणी सांगता येत नाही. त्याला पायऱ्या असतात," सर म्हणाले.

आता नवा कपॅसिटर हवा होता, आणि इथे अडचण सुरू झाली. सुटे भाग मिळण्याचं भागात एकच दुकान होतं. ते एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं होतं, आणि तो टीव्हीवाला सरांचा विद्यार्थी होता. नुसता विद्यार्थी असता तर हरकत नव्हती. सरांनी त्याला दोनदा नापास केलं होतं, याच विषयात. प्रात्यक्षिक परीक्षेत बिघडवून ठेवलेला संच त्याने चार मिनिटांत चालू केला होता आणि पायऱ्यांचा कागद कोराच दिला होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मग त्याने तंत्रनिकेतन सोडलं आणि दुकान टाकलं. वीस वर्षं सर त्या गल्लीतून जाताना समोरच्या बाजूने जात. आता त्याच्या काउंटरपुढे उभं राहून 'एक कपॅसिटर द्या' म्हणायचं? त्यापेक्षा सरांनी घरातला टीव्ही उघडला. त्यात तसाच एक कपॅसिटर होता. तात्पुरता काढून घेतला.

या सुमारास मेहुणे आले. मेहुणे पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकत आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे. सीआरओ पाहून ते बाह्या सरसावूनच बसले.

"दाजी, अडचण काय आहे?"

"लावला की फ्यूज उडतो."

"म्हणजे फ्यूजच कच्चा आहे," मेहुणे म्हणाले. "पक्का टाकू."

फ्यूजच्या जागी तार कदापि वापरू नये, हे सरांच्या वहीत पायरी चारखाली लाल शाईने लिहिलेलं होतं. सर ते पान शोधत होते तेवढ्यात मेहुण्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ सापडलेली चांगली जाड तार फ्यूजच्या जागी गुंडाळून टाकली होती. आपल्या वहीत काय आहे हे सरांना पाठ असायला हवं होतं; पण परीक्षा मुलांनी द्यायची असते, असा आजवरचा रिवाज.

शनिवारी सकाळी नऊ वाजता सरांनी टीव्हीतला कपॅसिटर सीआरओत डकवला. डकवला तो उलटा. अधिकची बाजू उण्याला, उण्याची अधिकाला. अशा कपॅसिटरला वीज दिली की तो काय करतो, यावर सरांचं एक उत्तम व्याख्यान होतं. त्या व्याख्यानात आवाज किती होतो ते मात्र नव्हतं.

धाड्‌कन बार झाला. मेहुणे टेबलाखाली गेले. खोलीभर चंदेरी कागदाच्या चिंध्या आणि कापसासारखं काहीतरी उडालं आणि आंबट, जळका वास सुटला. एरवी बिचारा फ्यूज उडून प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण फ्यूज आता पक्का होता. तो राहिला आणि त्याच्याऐवजी अख्ख्या इमारतीचा मुख्य स्विच पडला. त्या वेळी खाली पाण्याचा पंप चालू होता आणि टाकी नुकतीच भरायला लागली होती. पाच मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. कमरेला टॉवेल, डोक्यापासून छातीपर्यंत साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला.

"कोण आहे तो?" उघड्या डोळ्याने सगळ्यांकडे पाहत ते ओरडले.

"दाजी," टेबलाखालून मेहुणे म्हणाले.

सोसायटीची तातडीची बैठक जिन्यातच झाली. तज्ज्ञ म्हणून तळमजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका वीज खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं नोकरी, हे खरंच होतं. ती तीस वर्षं त्यांनी तक्रारी नोंदवून घेण्याच्या खिडकीत काढली, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यांनी सीआरओला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली, जाड तार बोटाने उचलून सेक्रेटरींना दाखवली, खिन्नपणे मान हलवली आणि निकाल दिला.

"सिरीज बल्ब लावा. वीज आधी बल्बातून जाईल, मग यंत्रात. आत शॉर्ट असला तर बल्ब पेटेल, यंत्र वाचेल, आमचं पाणीही वाचेल. बल्ब पेटला की समजायचं, शॉर्ट आहे. बल्ब पेटायचा थांबला की काम झालं."

हे अर्धं खरं होतं. काकांच्या खिडकीत आयुष्यभर अर्ध्याच तक्रारी पोचल्या असाव्यात. पण सेक्रेटरींनी तो ठरावच करून टाकला आणि खाली सूचना लावली की सदर सदनिकेतील यंत्र चाळीस वॉटच्या बल्बाशिवाय जोडल्यास कारवाई होईल. ठरावाची अंमलबजावणी काकांकडे. ते रोज संध्याकाळी चारला येऊन खुर्चीत बसत आणि बल्बाकडे पाहत.

नवा कपॅसिटरही काकांनीच आणला, त्याच दुकानातून. पाकिटावर बॉलपेनने लिहिलं होतं, 'काळी पट्टी = उणे'.

"हे कुणी लिहिलं?" सरांचा आवाज चिरकला.

"दुकानदाराने. कुणाला हवाय विचारलं, मी म्हटलं आमच्या सरांना. मग म्हणाला थांबा, आणि लिहून दिलं. चांगला माणूस आहे हो!"

सरांनी दातओठ खात कपॅसिटर बसवला. काळी पट्टी उण्याला. स्फोटात जळालेले चार डायोडही बदलले, जाड तार काढून नियमाप्रमाणे फ्यूज घातला, फळीवर बल्ब बसवून सीआरओची वायर त्यातून घेतली आणि बटण दाबलं. बार झाला नाही. फ्यूज उडाला नाही. सीआरओच्या कोपऱ्यातला लाल दिवा मिणमिणला. खरं तर त्याच क्षणी, सोमवारी संध्याकाळी सव्वाचारला, सीआरओ दुरुस्त झालेला होता.

पण बल्ब पेटला. पूर्ण नाही, अर्धवट, पिवळट.

"शॉर्ट आहे," काका म्हणाले.

इथून पुढचे चार दिवस त्या घरात जे काही घडलं त्याला दोष-शोध म्हणणं म्हणजे शब्दाची विटंबना आहे. सरांनी मीटर लावला. बारा व्होल्ट यायला हवे तिथे सात. रेग्युलेटर बदलला, सात. ट्रान्सफॉर्मर सोडवून पुन्हा जोडला, सात. पायरी सात, आठ, नऊ. सात, सात, सात. मग त्यांनी आतल्या सर्किटच्या पट्ट्या एकेक करून काढायला सुरुवात केली. पहिली पट्टी काढली आणि व्होल्टेज साडेसात झालं. "सापडला!" सर ओरडले. ही पट्टी दोषी. पण दुसरी काढली, तर आठ. म्हणजे तीही दोषी. तिसरी काढली, नऊ. जे जे काढावं ते ते दोषी निघत होतं. सगळं काढून झाल्यावर मीटरवर सुरेख बारा व्होल्ट आले, बल्ब जवळजवळ विझला, आणि सरांच्या शास्त्राप्रमाणे निष्कर्ष असा निघाला की या सीआरओत खोकं सोडून सगळंच बिघडलेलं आहे. हा निष्कर्ष त्यांनी वहीत लिहूनसुद्धा ठेवला. काकांनी खाली सही केली.

तंत्रनिकेतनात तर तोंड दाखवायची सोय उरली नाही. लेथवाले निदेशक समोरून आले की हवेत हाताने लहर काढून दाखवत. भांडारपालाने बोलावून विनाकारण आठवण करून दिली, "चालू स्थितीत नेलाय हं, सर." शिपाईसुद्धा सरांना चहा देताना कप थोडा लांबून देऊ लागला. पूर्वी सर वर्गात शिरले की मुलं उभी राहत. ती आताही उभी राहिली, पण एकमेकांकडे पाहून. सर आयुष्यात पहिल्यांदा वर्गात घाबरले. खडू हातात घेतला आणि लहर काढवेना.

"अहो, त्या टीव्हीवाल्याला एकदा विचारा ना," बायको म्हणाली.

"त्याला मी नापास केलंय."

"मग? त्याचं दुकान चालतंय. तुमचा सीआरओ चालत नाहीये."

सर ताडकन उठून बाल्कनीत गेले. त्या घरात रागाने उठून जायला तेवढी एकच जागा होती, आणि तिथे कपडे वाळत असल्याने वाकून उभं राहावं लागे.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. समितीला एक दिवस उरला होता. दारात टीव्हीवाला उभा होता; चाळिशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेलं, खांद्यावर चामड्याची पिशवी. बायकोने त्याला बोलावलं होतं, टीव्हीसाठी. आठ दिवस टीव्हीतून एक अवयव गायब होता आणि तिचा संयमही त्याच सुमारास संपला होता.

"नमस्कार, सर," तो म्हणाला.

"ये," सर म्हणाले आणि उगाचच वही उघडून तीत पाहू लागले. वही उलटी होती.

टीव्हीवाल्याने दहा मिनिटांत टीव्ही लावला. मग हात पुसत तो टेबलापाशी आला. टेबलावर सीआरओची आतडी पसरली होती. पट्ट्या, स्क्रू, वायरी, मध्ये फळीवरचा बल्ब. काका खुर्चीत बसून पहारा देत होते.

"हा बल्ब कशाला, सर?"

"संरक्षणासाठी. सिरीज. शॉर्ट असला की पेटतो."

"आणि पेटतो?"

"पेटतो ना!" काका म्हणाले. "चार दिवस पेटतोय."

"पूर्ण पेटतो की अर्धा?"

"अर्धा," सर म्हणाले.

टीव्हीवाला टेबलावर वाकला. त्याने पट्ट्या एकेक करून जागेवर बसवल्या. कुठली कुठे जाते ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. बटण दाबलं. लाल दिवा मिणमिणला, बल्ब अर्धा पेटला, मीटर सातवर आला.

"आत शॉर्ट असता तर बल्ब पूर्ण पेटला असता," तो हळू आवाजात म्हणाला. "अर्धा पेटतोय म्हणजे यंत्र आपलं नेहमीसारखं वीज घेतंय, आणि वाटेतला बल्ब त्याला निम्मी खाऊन निम्मी देतोय. पट्टी काढली की यंत्राची भूक कमी होते, म्हणून व्होल्टेज वाढतं. ही तपासणी एकदा करायची असते, सर. मग बल्ब काढून टाकायचा असतो."

त्याने वायर फळीतून काढली. काका अर्धे उठले. "अहो, ठराव आहे!" पण तोवर वायर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. लाल दिवा लख्ख झाला. काच काळीच राहिली. पाच सेकंद, दहा सेकंद. मग काचेच्या मध्यावर एक हिरवी रेषा उमटली, आधी फिकट, मग अशी ठसठशीत की बायको ओट्यावरून हात न पुसता पाहायला आली.

"सोमवारपासूनच चालू होता तो," टीव्हीवाला म्हणाला. "तुम्हीच केलाय, सर. मी फक्त बल्ब काढला."

सरांना त्या रेषेकडे पाहवेना. काका म्हणाले की बल्बाची सूचना त्यांनी केली होती तरी तो ठराव सेक्रेटरींचा होता, आणि ते जिना उतरून गेले. त्यानंतर चार वाजता ते कधीच आले नाहीत.

शनिवारी समितीपुढे सीआरओ ठेवला, बटण दाबलं, लहर आली. खडूच्या लहरीपेक्षा ती बरीच ओबडधोबड होती आणि सारखी थरथरत होती. पण समितीच्या अध्यक्षांनाही खरी लहर पाहायची सवय नसावी. त्यांनी ती टाळ्या वाजवून पाहिली.

"दोष नेमका कुठे होता?" त्यांनी विचारलं.

लेथवाले निदेशक दारातून पाहत होते. "विद्युतपुरवठ्याच्या मार्गात एक अनावश्यक प्रतिरोध होता," सर म्हणाले. "अकरा पायऱ्यांनी तो निश्चित करून दूर केला."

"व्वा!" अध्यक्ष म्हणाले आणि ते वाक्य त्यांनी अहवालात शब्दशः घेतलं. अकरा पायऱ्या सोडल्या तर यात खोटं काहीच नव्हतं आणि तरी सरांचे कान तापले.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिलीच. "छान! आता बाकीचे अकरा. निवृत्तीपर्यंत सगळे चालू करून द्यायचे. प्रयोगशाळा तुमच्या नावाने ओळखली जाईल!" भांडारपाल कागद घेऊन मागेच उभा होता. अकरा कागद, एकच नमुना. सरांनी अकरा सह्या केल्या. आता यंत्र चालू स्थितीत मिळाल्याची सही करायला ते सरावले होते.

सोमवारी दुपारी सर दुसरा सीआरओ रिक्षात घालून त्या गल्लीत गेले. या वेळी समोरच्या बाजूने नाही. टीव्हीवाला काउंटरवर कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. त्याने सीआरओ उतरवून घेतला आणि स्टूल पुढे केलं.

सर बसले नाहीत. त्यांना आधी बोलायचं होतं आणि उभ्यानेच बोलायचं होतं. रिक्षात त्यांनी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं.

"तुझ्या त्या परीक्षेत," ते म्हणाले, "संच तू चालू केला होतास. मी तो बिघडवलेला नव्हता. तो आपोआपच बिघडलेला होता. त्यात काय झालंय ते मलाच माहीत नव्हतं. तू चार मिनिटांत काय केलंस तेही मला कळलं नाही. म्हणून मी म्हणालो, पायऱ्या लिहिल्या नाहीस. दोन्ही वर्षं. मला कुणासमोर तरी हे सांगायचं होतं."

टीव्हीवाला रेडिओवरच वाकलेला होता. "माहीत होतं, सर."

"तुला?"

"सगळ्या वर्गाला."

सरांनी स्टूल ओढलं आणि बसले. "मग कुणी बोललं कसं नाही?"

"कशाला बोलतील?" टीव्हीवाल्याने आता मान वर केली. रागावलेला वाटत नव्हता. "तुम्ही सगळ्यांना पासच करायचात ना, सर. मला सोडून."

त्याने काउंटरवरून स्क्रूड्रायव्हर पुढे सरकवला. सरांनी तो घेतला आणि आवरणाचे अठरा स्क्रू एकेक करून काढायला लागले.